हनुवटीवरचे केस

"माय, तुमच्या हनुवटीवरच्या केसांना लोक हात जोडतात. माझ्या हनुवटीवर तेच केस आहेत, तर मला हसतात. असं का?"

मुलगी दारातच उभी होती. पाठीवर सॅक. डोळ्यांखालून गच्च बांधलेला स्कार्फ. आवाज कापडातून येत होता, तरी त्यातली धार लपत नव्हती.

गिरजामाय ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"ऐकू आलं नाही. तोंडावरचं सोड."

"तेच तर सोडवत नाही."

"मग शेंगा फोड."

मुलगी सॅक उतरवून बसली आणि शेंगा फोडू लागली.

मांजरा नदीच्या काठावरचा तो मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि पुढ्यात चिंचेचं झाड. गिरजामाय तिथं एकटी राहायची. तरुणपणी नवऱ्यानं टाकलेली बाई; कीर्तन शिकली आणि त्यावरच उभी राहिली. आता सत्तरी उलटून गेली होती. हनुवटीवर पांढऱ्या केसांचा एक झुपका होता. पंचक्रोशीतले लोक त्यांना 'तपाचे केस' म्हणायचे. बायका तान्ही लेकरं तिच्या पायावर घालायच्या आणि निघताना त्या झुपक्याकडे बघून कानशिलावर बोटं मोडायच्या.

मायनं त्या केसांबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

मुलीचं नाव प्रणिता वाघचौरे. लातूरची. विज्ञानाची पदवी घेऊन एका शिकवणीत मुलांना शिकवायची. कॉलेजात गेल्यापासून तिच्या ओठांवर, हनुवटीवर, गळ्याशी राठ केस येत होते. डॉक्टरांनी हार्मोन्सचं सांगितलं, गोळ्या दिल्या. मग लेझर झालं. केस परत आले. आई पहाटे उठवून स्वतः दोरा ओढायची. घरात कुणी त्यावर बोलायचं नाही. न्हाणीघराचं दार तेवढं लागायचं.

मग एक स्थळ आलं. चहा झाला, पोहे झाले. मुलाच्या मावशीनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि सगळ्यांसमोर प्रणिताच्या हनुवटीवरची पावडर पुसून पाहिली.

कुणीही मावशीचा हात धरला नाही.

दुसऱ्या दिवशी प्रणितानं सॅक भरली.

"मला दीक्षा द्या," ती म्हणाली. शेंगा संपल्या होत्या.

"कसली?"

"भगवी वस्त्रं द्या. मी इथंच राहीन. सगळं सोडलंय मी."

"काय काय सोडलंस?"

"घर. नोकरी. लग्न."

"आणि तोंडावरचं फडकं?"

प्रणितानं स्कार्फ आणखी वर ओढला.

"भगवं कशाला हवंय तुला?"

"मग कुणी हसणार नाही."

मायनं सुपातली टरफलं बाहेर फेकली.

"माझ्याकडं भगवं नाही."

"तुमच्या अंगावर आहे की!"

"ते नेसायचं आहे. तुला झाकायला पाहिजे. झाकायचं कापड लातुरात चांगलं मिळतं."

प्रणिता ताडकन उठली. सॅक उचलली. पायरीपर्यंत गेली आणि तिथंच वळली.

"तुम्हाला काय जातंय बोलायला? तुमचं वय झालंय. तुम्हाला कुणी बघायला येत नाही."

"येतात की. रोज येतात."

प्रणिता हसणार नव्हती. पण स्कार्फ थोडा हलला.

"गाता येतं?" मायनं विचारलं.

"येतं. थोडं."

"म्हण काहीतरी."

प्रणितानं पायरीवर उभ्या उभ्या एक अभंग म्हटला. आवाज चांगला होता. कापडात शिरून घोंगडीखालून आल्यासारखा बाहेर पडत होता.

अभंग संपला. माय चिंचेकडे बघत राहिली…

"हे फडक्यानं म्हटलं. आता तू म्हण."

नदीवरून म्हशी परतल्या. प्रणिताचा हात मानेमागच्या गाठीशी गेला, खाली आला, पुन्हा गेला.

मग तिनं गाठ सोडली.

माय तिच्या तोंडाकडे पाहतच नव्हती. डोळे मिटून बसली होती.

"म्हण."

*

प्रणिता मठात राहिली. भगवं काही तिला मिळालं नाही. ती आपल्या पंजाबी ड्रेसमध्येच झाडलोट करायची, पाणी भरायची आणि दोन्ही वेळा गळा घासायची.

माय तिला नदीकडे तोंड करून उभं करायची. पलीकडच्या काठावर एक बाभूळ होती.

"त्या बाभळीला ऐकू गेलं पाहिजे."

आवाज नदीच्या मध्यावर बुडायचा.

"मान खाली जाते तुझी. सूर गळ्यातच घुसमटतो. हनुवटी वर."

प्रणिता हनुवटी वर करायची. दोन ओळी जायच्या. मग मान आपोआप खाली यायची, शाळेत पाठ न झालेल्या पोरासारखी.

"वर."

"माय, वर केली की दिसतं सगळं."

"बाभळीला?"

पहाटे ती अजूनही केस काढायची. नदीच्या कडेला बसून, हातात छोटा आरसा आणि वस्तरा घेऊन. मायनं ते पाहिलं होतं. काहीच बोलली नाही.

प्रणिताला ते गप्प राहणं सलू लागलं. एक दिवस तिनंच विषय काढला.

"तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?"

"कशाबद्दल?"

"मी केस काढते त्याबद्दल. 'काढू नकोस, देवानं दिलंय तसं राहा,' असं काहीतरी."

"केस तुझे. मी काय म्हणू?"

"तुम्ही गुरू आहात."

"गाण्याची."

दुसऱ्या एका दुपारी, भाकरी खाताना, तिनं अचानक विचारलं,

"माय, तुम्ही तरुणपणी सुंदर होता?"

"होते ना."

"मग?"

"फार त्रास झाला," माय म्हणाली आणि ठेचा पुढं सरकवला.

उन्हाळा चढला. घाम आणि वस्तऱ्यानं प्रणिताच्या हनुवटीखाली पुळ्या आल्या, त्या पिकल्या. मायनं कडुनिंबाचा पाला वाटून लावला. हात लावू देणार नाही अशी आग होत होती. प्रणितानं म्हटलं, बऱ्या होईपर्यंत केस काढायचं थांबते.

पुळ्या बऱ्या झाल्या. ती थांबलेलीच राहिली.

केस वाढले. काळे, कुरळे, हनुवटीवर दाट आणि गालांकडे विरळ. आसपासची पोरं आधी टक लावून बघायची. मग त्यांना सवय झाली आणि ती पुन्हा चिंचा पाडू लागली.

त्या सुमाराला कधीतरी बाभळीवरचे बगळे तिच्या आवाजानं उडाले. कधी ते तिच्याही लक्षात आलं नाही. मायच्या आलं.

*

नदीपलीकडच्या मोठ्या गावात सप्ताह होता. मायचं कीर्तन दरवर्षी असायचं. यंदा तिनं प्रणिताला बरोबर घेतलं. मागं उभं राहून साथ करायची, एवढंच.

दुपारी दोघी देवळाच्या सभामंडपात टेकल्या होत्या. एका बाजूला बायका महाप्रसादाचे गहू निवडत होत्या. दिगंबरराव आले. सप्ताह समितीचे अध्यक्ष. स्वच्छ धोतर, कपाळाला बुक्का, बोलणं मऊ.

त्यांनी मायच्या पायाला हात लावला. मग त्या पांढऱ्या झुपक्याकडे बघून पुन्हा हात जोडले.

"माय, एक विनंती होती."

"बोला."

"ही लेक… गाते गोड, असं ऐकलंय. पण जरा…"

"जरा काय?"

दिगंबररावांनी प्रणिताकडे न बघता स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवला.

"यंदा कॅमेरा लावलाय. सगळीकडं दिसतं. समोर गावच्या लेकीबाळी बसतात. पवित्र ठिकाण आहे. कसं दिसतं ते? मी न्हाव्याला बोलावतो. पाच मिनिटांचं काम. पोरीचंही भलंच आहे त्यात."

गहू निवडणारे हात थांबले होते.

प्रणिताचा चेहरा जळत होता. ती मायकडे पाहत होती. आता माय काहीतरी बोलेल. आता बोलेल…

"बोलवा," माय म्हणाली.

"माय!"

मायनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

प्रणिता उठली नाही. उठायचं तिच्या मनात होतं. सॅक कुठं ठेवली आहे तेही तिनं नजरेनं शोधलं. मावशीचा ओला पदर पुन्हा तिच्या हनुवटीवरून फिरत होता आणि या वेळी तिला इथं आणणाऱ्या बाईनंच तो ओला करून दिला होता.

न्हावी आला. सोपान त्याचं नाव. धोपटी उघडून त्यानं वाटीत पाणी घेतलं, वस्तरा घासला आणि प्रणिताकडे वळला. तेवढ्यात माय सरकत पुढं आली, मांडी घालून त्याच्यासमोर बसली आणि हनुवटी वर केली.

"आधी माझी."

सोपानचा हात हवेतच राहिला.

"माय, काय चेष्टा करता?" दिगंबरराव हसले.

"चेष्टा कसली? पवित्र ठिकाण आहे. कॅमेरा लावलाय."

"अहो, तुमचं वेगळं! ते तपाचे केस आहेत!"

"तप?" मायला खरंच हसू आलं. "विटाळ थांबला तेव्हा आले ते. पन्नाशीच्या आसपास. तुमच्या आईलाही असतील. बघा कधी जवळ बसून."

बायकांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं आणि पदर तोंडाला लावला.

"माय, लोकांची श्रद्धा आहे त्याच्यावर…"

"केसांवर?"

दिगंबररावांनी धोतराचा सोगा सारखा केला.

"चालव रे," माय सोपानला म्हणाली.

सोपाननं वस्तरा खाली ठेवला. "माझ्यानं नाही व्हायचं, माय. लेकराबाळांचा धनी आहे मी. पाप लागंल."

"बरं."

मायनं वस्तरा उचलला आणि मूठ पुढं करून प्रणितापुढे धरला.

"तू कर. तुझा हात सरावाचा आहे."

प्रणितानं वस्तरा घेतला. कितीतरी पहाटेंचा सराव होता त्या हाताला. तिनं मायच्या हनुवटीला पाणी लावलं, कातडी दोन बोटांनी ताणली. जवळून त्या केसांमध्ये काहीच विशेष नव्हतं. पांढरे होते, एवढंच. खालची कातडी मऊ आणि सुरकुतलेली होती.

तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. हात मात्र सरळ चालला.

झुपका खाली फरशीवर पडला. गहू निवडणाऱ्यांतल्या एका म्हातारीनं चटकन पुढं येऊन तो उचलला आणि पदराच्या गाठीत बांधू लागली.

"टाक ते," माय म्हणाली.

"राहू दे ना, माय…"

"केरात टाक."

म्हातारीनं टाकला. दिगंबररावांनी तोंड फिरवलं. कुणीतरी गेल्यावर फिरवतात तसं.

मायनं आपल्या उघड्या हनुवटीवरून हात फिरवला. कोवळी, गुलाबी दिसत होती ती जागा.

"झालं माझं. आता हिचं विचारा हिला."

सगळ्यांच्या नजरा प्रणिताकडे वळल्या.

तिनं वस्तरा पुसला, मिटला आणि सोपानच्या हातात दिला.

"मला नको."

"मग ही मंडपात उभी राहणार नाही," दिगंबरराव म्हणाले. आवाजातला मऊपणा गेला होता.

"बरोबर आहे," माय म्हणाली. "मागं उभी राहून काय करणार? आज कीर्तन हीच करंल. टाळ मी धरते."

"लोक उठून जातील, माय!"

"जाऊ देत. मंडपात वारा खेळंल."

*

दिवेलागणीला मंडप भरला. बातमी आधीच गावभर झाली होती. मायची हनुवटी बघायला निम्मे आले होते, पोरीची बघायला निम्मे.

प्रणिता उभी राहिली. मागं गिरजामाय टाळ घेऊन, एका टाळकऱ्याच्या जागी. पखवाज घुमला. प्रणितानं नमन सुरू केलं.

मागून कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मग हसू. मग "आवाज बाईचा आणि…" असं काहीतरी, अर्धवट. पुढच्या रांगेत बसलेल्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. हातातले फोन वर झाले.

प्रणिताची मान खाली गेली. पखवाजवाल्यानं ठेका दोनदा फिरवून आणला, ती आली नाही.

तिनं मागं पाहिलं. माय टाळांच्या दोऱ्या सारख्या करत होती. मदत करण्याचा तिचा काही विचार दिसत नव्हता.

प्रणितानं हात वर केला. पखवाज थांबला.

"असं करू," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "आधी बघून घ्या. मला माझ्या आईनं बघू दिलं नाही कुणाला. मीही दिलं नाही. तुम्ही बघा. हे केस आहेत. बाईच्या तोंडावर आहेत. मलाच आहेत असंही नाही. इथं बसलेल्या किती जणींनी आज सकाळी दोरा ओढलाय, ते त्यांना माहीत आहे. घाई नाही. तुमचं बघून झालं की मी सुरू करते."

आणि ती समईजवळ गेली, हनुवटी वर केली आणि उभी राहिली.



हसणाऱ्यांना आता हसता येईना. बघणाऱ्यांना फार वेळ बघता येईना. एकेक फोन खाली आला. कुणी घसा साफ केला. एक तान्हं रडलं आणि पाजायला घेतल्यावर थांबलं. पुढच्या रांगेतल्या एका शाळकरी मुलीनं ओठांवर ठेवलेला हात हळूच काढून मांडीवर ठेवला.

प्रणिता अजून उभीच होती…

"चालू कर ग बाई," गहू निवडणाऱ्यांतली ती म्हातारी शेवटी ओरडली. "झालं बघून."

काही लोक उठून गेले. दिगंबरराव गेले नाहीत. जाऊन उपयोग नव्हता, अध्यक्ष होते.

प्रणितानं पुन्हा नमन धरलं. या वेळी सूर देवळाच्या कळसाला लागून आला.

*

त्या उभं राहण्याचा कुणीतरी व्हिडिओ काढला होताच. तो गावोगाव फिरला. बोलावणी येऊ लागली. कुणी शिव्या घातल्या, कुणी शाल-श्रीफळ दिलं. मुली लांबून भेटायला यायच्या, रडायच्या, फोटो काढायच्या. "दाढीवाली कीर्तनकार" असं पत्रिकेवर छापून येऊ लागलं आणि प्रणितानं ते छापू दिलं.

आई एकदा येऊन गेली. ओसरीवर बसली, लेकीच्या तोंडाकडे बघणं टाळत चहा प्यायली. निघताना मात्र तिनं दोन्ही हातांनी तो चेहरा धरला. केसांसकट. 

प्रणिता ताठ झाली होती. चालण्यात, बोलण्यात. कीर्तनात आता केसांचा विषय निघायचाच. आधी शेवटी निघायचा. मग मध्ये. मग सुरुवातीलाच.

"आज गायलीस कमी," एकदा परत येताना माय म्हणाली.

"लोकांना तेच ऐकायचं असतं, माय."

"हं."

"त्यानं मुलींना धीर येतो."

"येत असंल."



पावसाळा गेला, हिवाळा लागला. मायचे केस पुन्हा आले होते. तिला ते आल्याचं भानही नव्हतं. एका सकाळी प्रणिता पाणी भरता भरता थांबली. घागर कमरेवर तशीच.

"माय, मला आता हे नको वाटतायत."

"काय?"

"केस. टोचतात. आणि… असंच. कुणी म्हणालं नाही. मलाच वाटतंय. गाल मोकळे हवेत. काजळ घालावंसं वाटतंय. पूर्वी मला काजळाची भारी हौस होती."

"मग घाल."

"पण आता कसे काढू? लोक काय म्हणतील?"

शब्द तोंडातून गेले आणि तिचे तिलाच ऐकू आले.

ती मायकडे बघत राहिली. माय तिच्याकडे. मग माय हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. प्रणिता आधी चिडली, मग तिलाही राहवेना. घागर हिंदकळून दोघी भिजल्या.

"गुरुवारी एसटी आहे लातूरची," माय डोळे पुसत म्हणाली.

"एकच सांगा. मी हरले का यात?"

"कुणाशी लागली होती तुझी?"

प्रणितानं बराच विचार केला. नाव सापडलं नाही.

ती गुरुवारी गेली. पार्लरमध्ये ओळीत बसली, दोरा ओढून घेतला. आई ओढायची त्या दोऱ्यासारखाच हा दोरा होता, तरी तसा लागला नाही. दार उघडं होतं. बाहेरच्या रस्त्यावरून येणारेजाणारे दिसत होते. तिनं मोठा आरसा मागून घेतला आणि आपलं तोंड नीट पाहिलं. तेही तिचंच होतं. काजळाची डबी घेतली, हिरव्या बांगड्या घेतल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली.

*

दोन-चार दिवसांनी मठातच कीर्तन होतं. ओसरीपुढं मांडव घातला होता. सकाळची वेळ, चिंचेखाली ऊन-सावली.

लातूरहून सुनंदाताई आल्या. महिला मंडळ चालवायच्या, पोटतिडकीनं चालवायच्या. बरोबर जीप भरून कॉलेजच्या मुली. प्रणिताला पाहताच त्या जागच्या जागी थबकल्या.

"हे काय केलंस तू?"

"केस काढले, ताई."

"काढले? कुणी दबाव आणला?"

"नाही."

"मग? आम्ही या मुलींना किती लांबून आणलंय! तू धीर द्यायचास यांना. तू त्यांचा झेंडा आहेस ग. आणि हे काजळ… बांगड्या… शेवटी तूही आरशापुढं बसलीस?"

प्रणिताचे कान तापले. त्या मुलींपैकी एक तिच्याकडे बघत होती, फसवल्यासारखी.

"ताई, मी…"

तेवढ्यात नदीकडून दिगंबरराव आले. सप्ताहाचं आमंत्रण घेऊन, टोपी सावरत, ताईंचा चढा आवाज लांबूनच ऐकत. त्यांनी प्रणिताला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! आता कसं! लक्ष्मीसारखी दिसतेस, लेकी. मी तेव्हा हेच म्हणत होतो. तेव्हाच ऐकलं असतंस तर एवढं झालंच नसतं."

सुनंदाताईंनी त्यांच्याकडे तिरस्कारानं पाहिलं. "तुमच्यासारख्यांमुळंच ही वेळ आली हिच्यावर."

"आमच्यामुळं? बाई, तुम्हीच पोरीला चढवून ठेवलं होतं!"

"ती शोभेची वस्तू नाही!"

"मग तुम्ही झेंडा झेंडा काय करताय मघापासून?"

दोघं प्रणिताच्या तोंडाकडे हात करकरून भांडू लागले. मधे ती उभी. पखवाजवाला वाट बघत होता. मुली गोंधळल्या होत्या.

प्रणिता मागं वळली. माय खांबाला टेकून टाळ पुसत होती.

"माय, यांना काय सांगू?"

"काही नको."

"मग काय करू?"

मायनं हनुवटी खाजवली. दोघांकडे एकदा नीट पाहिलं, लांबून पाहुणे आले की पाहतात तसं, कौतुकानं.

"पुढं दोघांना शेजारी शेजारी बसव, लेकी. एकाच गावचे दिसतात."